ऊस, ऊन आणि तेल कंपन्या
लातूर-नांदेडच्या इंधन-अर्थकारणाचा अभ्यास

खनिज तेलासाठी ज्यांची ख्याती कधीच नव्हती, अशा लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांचा तेल कंपन्यांशी पूर्वी संबंध येत असे तो केवळ पेट्रोल पंपापुरता. टँकरने इंधन यावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात पैसा बाहेर जावयाचा, असा तो एकमार्गी व्यवहार होता. गेल्या काही वर्षांत या व्यवहाराची दिशा अंशतः पालटली आहे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील तीन कंपन्या आता साखर कारखान्यांकडून इथेनॉल विकत घेतात. त्यांच्या पंपांच्या छपरांवर सौर पट्टे दिसू लागले आहेत. तेलाचा पैसा मराठवाड्यात येऊ लागला आहे, तो उसाच्या आणि उन्हाच्या वाटेने. या दोन वाटांपैकी पहिली रुंद आहे, दुसरी अद्याप अरुंद. या दुष्काळप्रवण प्रदेशाला कोणती वाट किती पेलवेल, हा या लेखाचा विषय आहे.

तेल कंपनीची गुंतवणूक म्हटले की मोठी यंत्रसामग्री आणि धुराडी डोळ्यांसमोर येतात. तशी उदाहरणे देशात आहेत. इंडियन ऑइलने हरियाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल तयार करणारा प्रकल्प उभारला. तो १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा वापरून तीन कोटी लिटर इथेनॉल मिळवावे, अशी त्याची योजना आहे. हिंदुस्थान पेट्रोलियमने बिहारमधील सुगौली आणि लौरिया येथील साखर कारखाने आपल्या उपकंपनीमार्फत हाती घेतले. लातूर-नांदेडातील व्यवहार मात्र मुख्यतः खरेदीचा आहे. मांजरा, विकास, रेणा, भाऊराव चव्हाण यांसारख्या सहकारी कारखान्यांचे जाळे येथे पूर्वीपासूनच होते. अशा प्रदेशात तेल कंपनीला कारखाना बांधावा लागत नाही. आपण अमुक इतके इथेनॉल अमुक दराने घेऊ, एवढे तिने सांगितले की आसवनी उभारण्यासाठी बँक कर्ज देते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा कर्जांसाठी व्याज सवलतीची योजना सुरू केल्यानंतर आसवन्यांच्या क्षमतेत झपाट्याने वाढ झाली. यात कंपनीचा शब्द असतो, भांडवल कारखान्याचे म्हणजे पर्यायाने सभासदांचे असते आणि जोखीमही बव्हंशी त्यांचीच असते.

मिरज ते वीस टक्के

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, यासाठी पॉवर अल्कोहोलचा स्वतंत्र कायदा झाला होता. परंतु खनिज तेल स्वस्त होते तोवर त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते आणि तिसरा उत्तर प्रदेशातील आंवला येथे. २००३ मध्ये नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत हा कार्यक्रम लागू झाला, पण पुढील दशकभर तो रडतखडतच चालला. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र शासनाने इथेनॉलचा खरेदी दर स्वतः ठरविण्यास आरंभ केला आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. त्यानंतर चित्र बदलले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा नियोजित मुदतीपूर्वीच गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल देशभर पोहोचले.

आयात तेलावरील परकीय चलनाचा भार हलका करणारा, कारखान्यांच्या तिजोरीत रोख पैसा आणणारा आणि उसाची थकबाकी कमी करणारा असा हा कार्यक्रम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. साखर गोदामात महिनोन्महिने पडून राहते. इथेनॉलचे पैसे मात्र काही आठवड्यांत हाती येतात. कारखान्याच्या हिशेबनिसाला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. असे असले तरी या हिशेबात एक रकाना राहून गेला आहे. तो पाण्याचा आहे.

एका लिटरमागचे पाणी

इथेनॉल उसापासून तीन प्रकारे तयार होते. त्यांतील भेद लक्षात घेतल्याखेरीज पाण्याचा प्रश्न नीट समजत नाही. उसाचा रस आटवून साखरेचे स्फटिक काढीत गेल्यावर शेवटी जी काळी, चिकट मळी उरते तिला सी-हेवी मळी म्हणतात. एक टन उसातून निघालेल्या या मळीपासून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते. साखर पूर्ण काढून झालेली असल्यामुळे या इथेनॉलसाठी उसाचे एक कांडेही जास्त लावावे लागत नाही. साखरेचा एक टप्पा कमी करून थोडी गोडी मळीतच राहू दिली तर ती बी-हेवी मळी होते आणि इथेनॉल सुमारे वीस लिटरपर्यंत जाते. तिसऱ्या प्रकारात साखर काढलीच जात नाही. सगळा रसच आंबविला जातो आणि टनामागे सुमारे सत्तर लिटर इथेनॉल हाती येते.

पहिल्या प्रकारात इंधन हे साखरेच्या मागून येणारे उपउत्पादन असते. तिसऱ्या प्रकारात ऊसच इंधनासाठी लावलेला असतो आणि त्याने प्यालेले सगळे पाणी इंधनाच्या नावावर मांडावे लागते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यात हा हिशेब दिलेला आहे. उसाच्या साखरेपासून मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे त्यात नमूद आहे. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलने दुचाकीची पाच लिटरची टाकी भरली म्हणजे तिच्यात एक लिटर इथेनॉल असते. ते उसाच्या रसाचे असेल तर त्या टाकीमागे जवळजवळ तीन हजार लिटर पाणी खर्ची पडलेले असते.

हा आकडा कृष्णाकाठी वाचणे वेगळे आणि मांजरेच्या काठी वाचणे वेगळे. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर धनेगाव येथे जे धरण आहे, त्यावर लातूर शहराची तहान अवलंबून असते. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि धरण कोरडे पडले. शहराला मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून, रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पहिली जलदूत गाडी लातूर स्थानकात आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या व एका खेपेस सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. नीती आयोगाच्या मापाने हिशेब केला तर अशा एका भरलेल्या गाडीच्या पाण्यातून उसाच्या रसाचे इथेनॉल होईल ८७५ लिटरच्या आतबाहेर. रस्त्यावरून धावणाऱ्या एका टँकरच्या तळाशीही ते जेमतेम पोहोचेल. ज्या मिरजेत पाच टक्के मिश्रणाचा पहिला प्रयोग झाला, त्याच मिरजेहून पंधरा वर्षांनी लातूरला पाणी यावे, हा योगायोगच. पण विचार करावयास लावणारा.

नांदेडची स्थिती तुलनेने बरी आहे. गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प आणि पैनगंगेवरील इसापूर धरण यांमुळे अर्धापूर, मुदखेड परिसरात केळी व ऊस यांना पाणी मिळते. पण देगलूर, मुखेड, कंधार या भागांतील शेतकऱ्याचे दैव अजूनही सोयाबीन, तूर, कापूस आणि ज्वारी या पावसावरील पिकांशीच बांधलेले आहे. या लेखात दोन जिल्हे एकत्र घेतले आहेत, ते या विषमतेसह.

ऊस सुटत का नाही

‘ऊस हे आळशाचे पीक’ असे टीकाकार सहजपणे म्हणतात. ही टीका अन्यायाची आहे. ज्या पिकाला कायद्याने रास्त व किफायतशीर दर ठरवून दिला आहे, जे तोडल्यानंतर चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन खरेदीदारावर आहे आणि ज्यासाठी तोडणी-वाहतुकीची व्यवस्था कारखानाच करतो, असे दुसरे पीक मराठवाड्यात नाही. सोयाबीनचा भाव लातूरच्या आडतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरा असू शकतो. गारपीट, कीड आणि बाजार या तिहेरी माराखाली आलेला शेतकरी विहिरीला पाणी दिसताच उसाकडे वळतो, यात आळस नाही, हिशेब आहे. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त कार्यालयाने मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालण्याची शिफारस करणारा अहवाल शासनास सादर केला. तत्पूर्वी जुलै २०१७ मध्ये काही सिंचन प्रकल्पांच्या क्षेत्रातील उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. तरी उसाचे आकर्षण कमी झाले नाही. इथेनॉलने ते अधिक घट्टच केले आहे.

मात्र या खात्रीला तडा कसा जातो, ते २०२३ साली दिसले. त्या वर्षी ऑगस्ट महिना विलक्षण कोरडा गेला, महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर उत्पादन घटण्याची चिन्हे दिसू लागली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर निर्बंध घातला. पुढील आठवड्यात तो काहीसा शिथिल झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी उठविण्यात आला. तथापि ऐन गाळप हंगामात कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या कारखान्यांची जी धावपळ झाली ती विसरण्याजोगी नाही. साखर महागू नये ही ग्राहकहिताची दृष्टी योग्यच. पण कारखाना नेमका त्याच वेळी अडचणीत येतो, हेही तितकेच खरे. त्याच वर्षापासून मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत बनला. तेल कंपनीला लिटरशी कर्तव्य आहे. ते लिटर लातूरच्या उसाचे की बिहारच्या मक्याचे, हा तिचा प्रश्न नव्हे.

ब्राझीलचा अनुभव याच प्रकारचा आहे. तेलसंकटानंतर त्या देशाने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी प्रोआल्कूल हा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीकडे मद्यार्काच्या खरेदी-वितरणाचे काम आले. लक्षावधी मोटारी केवळ मद्यार्कावर धावू लागल्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखरेला परदेशी भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९-९० मध्ये पंपांवर मद्यार्काचीच टंचाई झाली. ब्राझीलच्या ऊस पट्ट्यातील बराचसा ऊस पावसावर येतो. ही सोय आपल्याकडे नाही, म्हणून त्या देशाचे दाखले देताना थोडे जपूनच असावे.

नांदेडची गोड ज्वारी

इंधनासाठी उसाहून कमी तहानेचे पीक शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न नांदेडमध्येच झाला होता, ही गोष्ट आज फारशा लोकांच्या स्मरणात नाही. गोड ज्वारीच्या ताटात उसासारखा रस असतो. पीक चार महिन्यांत येते, तर सुरू उसाला बारा आणि आडसालीला सोळा ते अठरा महिने लागतात. कणसाचे धान्य घरात येते आणि ताट गाळपाला जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर दीर्घकाळ काम केले होते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची एसएसव्ही ८४ ही जात १९९० च्या दशकात प्रसारित झाली. हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही वाण व गाळप तंत्र यांवर प्रयोग केले. त्या सहकार्यातून टाटा केमिकल्सने २००९ च्या सुमारास नांदेड येथे दररोज तीस हजार लिटर क्षमतेचा गोड ज्वारीवर चालणारा इथेनॉल प्रकल्प उभारला. ही कंपनी तेलाची नव्हे, परंतु तिचा माल जावयाचा होता तो तेल कंपन्यांच्याच टाक्यांत.

प्रकल्प व्यापारी स्वरूपात टिकला नाही. गोड ज्वारीच्या उद्योगाची मुख्य अडचण पिकाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस एखाद-दुसरा दिवस थांबू शकतो. गोड ज्वारीचे ताट तोडल्यानंतर काही तासांतच त्यातील साखर उतरू लागते. सगळ्या शेतांतील पीक एकाच पंधरवड्यात तयार होते, त्यामुळे गाळपाला जेमतेम महिनाभर मिळतो आणि उरलेले दहा-अकरा महिने यंत्रे रिकामी राहतात. रिकाम्या यंत्राचे व्याज मात्र थांबत नाही. शिवाय कडब्याचा प्रश्न होता. ज्वारी म्हणजे माणसाला भाकरी आणि बैलाला वैरण, हे मराठवाड्याचे जुने गणित. ताट कारखान्याला गेले तर दावणीला काय घालावयाचे, अशी शंका शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक होते. गाळून उरलेला चोथा जनावरे खातात हे खरे. पण तो गावात परत आणण्याची व्यवस्था लागते.

याच सुमारास तेल कंपन्यांनी मोगली एरंडाचाही नाद केला होता. पडीक जमिनीत, बिनपाण्याने येणारे हे झुडूप डिझेल देईल, अशी आशा २००३ नंतर देशभर पसरली. छत्तीसगडमध्ये इंडियन ऑइल आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी राज्य संस्थेबरोबर त्यासाठी संयुक्त कंपन्या काढल्या. पडीक जमिनीत झाड जगले, पण बी धरले नाही. पाणी नाही तेथे तेलही नाही, असा तो धडा होता.

उन्हाचे पीक

ऊन ही मराठवाड्याची अशी संपत्ती आहे की जिची टंचाई आजवर कोणी नोंदविलेली नाही. एक मेगावॉट सौर प्रकल्पास सुमारे पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर जमीन लागते व वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. हेक्टरी साडेसात लाख युनिट. आता उसाचे पाहावे. हेक्टरी सत्तर टन ऊस धरला आणि सगळा रस इंधनाला दिला तर ४,९०० लिटर इथेनॉल मिळते. लिटरमागे सुमारे सहा युनिट उष्णता धरल्यास ही ऊर्जा तीस हजार युनिटांच्या आत भरते. अर्थात वीज दुचाकीच्या टाकीत ओतता येत नाही आणि उसाच्या बगॅसपासूनही वीज मिळते, तेव्हा ही तुलना ढोबळच मानावी. तरीही पंचवीस पटींचे अंतर ढोबळपणाने पुसले जात नाही. सौर पट्टे धुण्यापुरतेच काय ते पाणी लागते.

मग तेल कंपन्यांचा पैसा या वाटेने जोराने का येत नाही? त्यांचा पूर्वेतिहास पाहिला तर उत्तराचा काही भाग सापडतो. १९७३ च्या तेलसंकटाच्या काळात अमेरिकेतील एक्झॉनने सौरघट तयार करणारी कंपनी काढली आणि १९८० च्या दशकात गुंडाळली. आर्को ही तेल कंपनी १९७७ मध्ये या धंद्यात उतरली, जगातील आघाडीची उत्पादक झाली आणि १९९० च्या सुमारास तिने तो व्यवसाय सीमेन्सला विकला. ब्रिटिश पेट्रोलियमने १९८९ मध्ये टाटा समूहासह बंगळूर येथे टाटा बीपी सोलर स्थापन केली. २०११ मध्ये ती सौर व्यवसायातूनच बाहेर पडली. तेल महागले की उन्हाची आठवण व्हावी आणि स्वस्त झाले की विसर पडावा, असा हा क्रम आहे. भारतीय सार्वजनिक कंपन्यांची पावले अधिक स्थिर आहेत असे दिसते. इंडियन ऑइलने २०२३ मध्ये एनटीपीसी ग्रीनबरोबर संयुक्त कंपनी स्थापन केली. मात्र तिचे लक्ष प्रामुख्याने स्वतःच्या शुद्धीकरण कारखान्यांना लागणाऱ्या विजेकडे आहे.

लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला ऊन विकावयाचे तर त्याचा ग्राहक आज तेल कंपनी नसून महावितरण आहे. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ अशी तरतूद करण्यात आली. या योजनेचा दुसरा लाभ दिवसा मिळणाऱ्या विजेचा आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून बारे द्यावयास जाण्याचे कष्ट ज्याने काढले आहेत, त्यालाच त्याची किंमत कळेल. परंतु येथेही सावध असावे लागेल. ऊन पाणी पीत नाही, पंप पितो. दिवसभर फुकट चालणारा पंप काळ्या पाषाणातील बोअर किती खोल नेईल, याचा विचार भूजल सर्वेक्षणाच्या यंत्रणेला वाहिनीच्या आखणीबरोबरच करावा लागेल.

प्रेसमड आणि मिश्र आसवनी

उसाचे क्षेत्र न वाढविता तेल कंपनीकडून पैसा मिळविण्याचे मार्गही आहेत. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झालेल्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या दाबयुक्त जैववायू खरेदी करतात. गाळपात उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघतो. सुमारे पंचवीस टन प्रेसमडपासून एक टन वायू मिळू शकतो आणि उरलेले खत पुन्हा शेतात जाते. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याकडे या हिशेबाने सहा-आठशे टन वायूचा कच्चा माल दरवर्षी आपोआप जमा होतो. त्यासाठी नदीतून एक थेंबही जास्तीचा उचलावा लागत नाही.

दुसरा मार्ग आसवनीतील बदलाचा. मार्च २०२५ मध्ये केंद्र शासनाने सहकारी साखर कारखान्यांच्या उसावरील आसवन्या बहुविध कच्च्या मालावर चालतील अशा करण्यासाठी व्याज सवलतीची योजना आणली. ऊस नसेल तेव्हा मका किंवा खराब झालेले धान्य वापरून आसवनी चालू ठेवता येईल, हा तिचा हेतू. नांदेडच्या जुन्या प्रयोगाकडे या निमित्ताने पुन्हा पाहण्यास हरकत नाही. त्या प्रकल्पाला वर्षभराचा खर्च एका महिन्याच्या पिकावर काढावयाचा होता. साखर कारखान्याकडे मोळी टाकण्याची गव्हाण, चरक आणि आसवनी ही सर्व यंत्रे आधीच उभी असतात. जूनच्या पावसावर पेरलेली गोड ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात गाळपास येते. बॉयलरचे अग्निप्रदीपन दसऱ्याच्या आसपास होते व उसाची मोळी दिवाळीच्या मागेपुढे पडते. मधले तीन-चार आठवडे यंत्रे मोकळी असतात. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने गोड ज्वारीला इथेनॉलचा कच्चा माल म्हणून मान्यता दिलेली आहे. रास्त व किफायतशीर दर मात्र तिला नाही आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियमही तिच्यासाठी नाही.